मातिसचा 'इकारस' पडतोय की नाचतोय? मदत हवी आहे
मंडळी, फ्रेंच चित्रकार आँरी मातिसची कागदी कातरकामं बघत बसलेय आणि एका चित्रापाशी अडलेय. १९४१च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तो चाकाच्या खुर्चीत आला, मदतनीस कागद गुआशने (अपारदर्शक जलरंगाने) रंगवून देत आणि हा थेट कात्रीने आकार कापी, इतपत ठाऊक आहे.

प्रश्न 'जॅझ' (१९४७) या पुस्तकातल्या 'इकारस'चा. निळ्यावर काळी आकृती, छातीत एवढासा लाल ठिपका, भोवती टोकदार पिवळे तुकडे. पंखांचं मेण वितळून कोसळणारा ग्रीक कथेतला मुलगा हा. पण हात तर नाचल्यासारखे पसरलेत! आणि ते पिवळं म्हणजे चांदण्या, की तोफगोळ्यांचे स्फोट? पुस्तक १९४७चं असलं तरी चित्रं ऐन दुसऱ्या महायुद्धात केलेली, म्हणून शंका. शिवाय पुस्तकाचं नाव आधी 'सर्कस' ठरलं होतं. मग हा झोक्यावरचा कसरतपटू तर नव्हे?

दुसरं, त्याच्या कातरकामांत दिसणारी ती समुद्रशेवाळासारखी पानं. १९३०च्या ताहिती सफरीशी त्यांचं नातं लागतं, पण 'राजाचं दुःख' या कातरचित्रात (१९५२) गिटारवाल्या काळ्या राजाभोवती पिवळ्या पाकळ्या उडतात, ते सूर समजायचे का?

'नुसती सजावट आहे' असं कृपया सांगू नका, तो लाल ठिपका पाहिल्यावर मला ते पटत नाही.