आवाज दबतो तो दुरुस्ती करताना
लिहिणाऱ्याने स्वतःची शैली सापडेपर्यंत दुसऱ्यांचं लेखन वाचणं बंद ठेवावं, हा सल्ला मला पटत नाही. वाचनाचा प्रभाव पडतो हे खरं, पण आपला आवाज दबतो तो बहुतेकदा मजकूर ‘नीट’ करताना. बोलताना आपण क्रियापद आधी टाकून मोकळे होतो: ‘गेला निघून, एक शब्द न बोलता.’ लिहायला बसलं की त्याचंच ‘तो एकही शब्द न बोलता निघून गेला’ होतं. व्याकरण चोख, पण राग गेला ना त्यातला!

मी हल्ली प्रसंग आधी मैत्रिणीला सांगते, तिला विचारून रेकॉर्ड करते आणि जसाच्या तसा उतरवून काढते. पाल्हाळ कापावंच लागतं. पण मी कुठे थांबले, कशावर पुन्हा पुन्हा आले, हे त्यात लख्ख दिसतं. पहिला खर्डा म्हणून तेच ठेवून बघा.