१६०० आरपीएमला लोड ९५ टक्के, पण बूस्ट कुठंय? मदत हवी आहे

मंडळी, माझी गाडी १.५ लिटर कॉमन रेल डिझेल, व्हीजीटी टर्बो (आतल्या पात्यांचा, म्हणजे व्हेनचा, कोन बदलणारा), रिमॅप केलेली (इंजिन कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदललेली). बेळगावजवळचा वंटमुरीचा चढ, तिसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल असा लॉग आहे. १६०० ला लोड ९५ टक्के, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा एकूण दाब) १४० केपीए, मागणी मात्र १९० ची. २३०० नंतर दोन्ही आकडे जुळतात. तोवर मागे काळा धूर.

बेळगावच्या उंचीवर बाहेरचाच दाब ९३ केपीएच्या आसपास, म्हणजे खरा बूस्ट (बाहेरच्यापेक्षा जास्तीचा दाब) जेमतेम ०.४७ बार. डिझेलचा लोड इंधन-टॉर्कच्या हिशेबाने निघतो, त्यामुळे ९५ दिसलं म्हणून हवा पोचली असं होत नाही.

इंटरकूलरचे पाइप १ बार भरून साबणपाण्याने तपासले, बुडबुडे नाहीत. व्हेन फिरवणारा व्हॅक्यूम रॉड हलतो, पण शेवटच्या स्टॉपपर्यंत टेकत नाही असं वाटतं. ईजीआर (एक्झॉस्ट वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा राहतोय का, ते पाहायचंय.

आधी व्हेन साफ करू, की स्मोक लिमिटरमध्ये (हवेच्या मानाने इंधनाला मर्यादा घालणारं सेटिंग) २००० च्या खालचं इंधन कमी करू? व्हेन ड्युटी (व्हेन मिटवणारा सिग्नल) वाढवली तर बॅकप्रेशर (टर्बोच्या आधीचा एक्झॉस्टचा दाब) चढेल ही भीती आहे. (स्टॉप स्क्रू फिरवा, हा सल्ला कृपया नको.) याच उंचीवर धडधाकट टर्बोला १६०० ला मॅप किती दिसतो, कुणाकडे लॉग आहे का?