सिगारेट-तंबाखू सोडताना टेन्शन कसं निभावलंत? अनुभव सांगा

सोडायचं ठरवलेले कितीतरी जण पहिल्याच आठवड्यात परत वळतात आणि कारण बहुतेक एकच सांगतात: टेन्शन होतं. निकोटिन बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी तलफ सगळ्यात जोरात असते. चिडचिड, झोपमोड, कशात लक्ष न लागणं हे साधारण दोन ते चार आठवड्यांत निवळतं. पण तेवढ्यासाठी घराचे हप्ते थांबत नाहीत की आजारपणं. अशा वेळी तुम्ही काय केलंत ते लिहा. उपदेश नको, स्वतःचं सांगा.

चाकण, प्रेस शॉप
मशीन बंद पडलं की सुपरवायझर डोक्यावर उभा आणि माझा हात खिशात. तंबाखूचं निम्मं सुख मळण्यातच होतं. डबीतला चुना नखावर घ्यायचा, तळहातावर अंगठ्याने रगडायचं, थाप मारून भुकटी उडवायची. हे हातांनाच हवं असतं, हे ओळखून डबीत भाजलेला ओवा आणि बडीशेप भरली. अजूनही तस्संच चोळून तोंडात टाकतो. एक गोष्ट मला तिथे पक्की कळली. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, मशीन मात्र तासभर बंदच असतं. म्हणजे टेन्शन तसंच राहूनही तलफ जाते. हे एकदा अंगावर अनुभवलं की भीती बरीच कमी होते. नव्याने सोडणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो.

आशा कार्यकर्ती, सातारा जिल्हा
माझी मिश्री होती. घरात सासूबाईही लावायच्या, त्यामुळे सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की जीव कासावीस व्हायचा. मग दोघींनी मिळूनच सोडली. डोकं धरायचं, पोट साफ होत नव्हतं, त्यात पोराची दहावी. आम्ही ठरवलं होतं, जिला राग येईल तिने सरळ बोलून दाखवायचं, दुसरीने मनावर घ्यायचं नाही. "आत्ता माझ्याशी बोलू नकोस गं," असं सासूबाईंनी म्हटलं की मी भाजी निवडायला बाहेर ओट्यावर. भरपूर पाणी, ताक, पालेभाजी यानं पोटाचंही सुधारलं.

हिंजवडी, आयटी
चहाकडे लक्ष ठेवा. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन भराभर निकालात काढतं. सिगारेट सुटली की तेवढाच चहा जास्त चढतो. छातीत धडधड, हात थरथरणं, हे सगळं मला कामाचं टेन्शन वाटत होतं. डॉक्टरांनी समजावल्यावर चहा निम्म्यावर आणला आणि रात्रीची झोप परत आली.

नागपूर
वडील अतिदक्षता विभागात होते. बाहेरच्या बाकड्यावर बसवेना, समोर टपरी. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मग घोट घोट पाणी प्यायला आणि सावकाश श्वास घ्यायला लावलं. बोलेपर्यंत ती वेळ टळली. त्या बाईंचे फार उपकार आहेत.

कोल्हापूर
डॉक्टरांनी निकोटिनचा गम दिलाय. सारखा चघळायचा नसतो. तिखटसर चव आली की गालात धरून ठेवायचा, आणि तोवर चहा-कॉफी नाही. आशाताई, माझ्या आईची मिश्री सोडवायची आहे. वय सत्तरीपुढे, बीपीच्या गोळ्या चालू. एकदम बंद करावी की हळूहळू कमी करावी? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांना काय जमलं, तेही सांगाल का?