एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि नर्व्हवर हल्ला करते) निदान झालं की लगेच डोळ्यांचं ओसीटी (रेटिनाच्या थरांची जाडी मोजणारा प्रकाशाचा स्कॅन) करून ठेवावं का?

सावली:
माझ्या बहिणीचा एमएस डोळ्यापासूनच सुरू झाला. एका डोळ्याने लाल रंग फिका दिसायला लागला, डोळा फिरवला की आत दुखायचं, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिस, डोळ्याच्या नर्व्हला आलेली सूज. स्टिरॉइड दिली, मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय झाला, पण ओसीटी कुणालाच सुचलं नाही आणि आता नवीन न्यूरॉलॉजिस्ट विचारतायत की सुरुवातीचा स्कॅन आहे का. कुठून आणायचा? माझं स्पष्ट मत आहे की निदान झालं की पहिल्या काही महिन्यांतच हा स्कॅन व्हायला हवा. रेटिनातल्या नर्व्हच्या तंतूंवर मायलिन (तंतूंवरचं आवरण, एमएसमध्ये तेच खराब होतं) नसतंच, ते डोळ्याच्या मागे गेल्यावर सुरू होतं, त्यामुळे अटॅक ओसरल्यावरही या तंतूंचा थर पातळ दिसला तर तंतूच गेलेत हे सरळ कळतं. सुई नाही, डाय नाही, रेडिएशन नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. शिवाय २०२४ च्या सुधारित मॅकडोनल्ड निकषांत (एमएसचं निदान यांवरून करतात) ऑप्टिक नर्व्हला एमएसची बाधा शोधायची पाचवी जागा म्हणून घेतलंय आणि ती बाधित झालीय हे दाखवायला ओसीटी चालतं, मग अजून वाट कसली बघायची?

तिसरा_प्रहर:
निदानाला उपयोग होतो यावर माझा आक्षेप नाही. पण तुम्ही आजारावर नजर ठेवायचं म्हणताय आणि तिथे मला हे पटत नाही. आकडे बघा ना. गँग्लियन सेलचा थर (रेटिनातल्या ज्या पेशींपासून हे तंतू निघतात त्यांचा) एमएसमध्ये वर्षाला साधारण अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून कमीच घटतो, थोडी घट तर वयानेही होते, आणि त्याच डोळ्याचा त्याच दिवशी दुसऱ्यांदा स्कॅन काढला तरी एखाद मायक्रॉन इकडे तिकडे होतो. शेकडो पेशंटची सरासरी काढली की फरक दिसतो हो, पण समोर बसलेल्या एका माणसाला वर्षभरानंतर "तुमचा थर कमी झालाय" सांगायचं म्हणजे त्याची झोप उडवायची, ते पण कदाचित मशीनच्याच चुकीसाठी.

स्कॅनवाली:
रोज हेच मशीन चालवते म्हणून सांगते. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आतल्या लाइटकडे बघायचं, बस. पण डोळा कोरडा पडला की सिग्नल लगेच उतरतो, ज्यांची नजर थरथरते त्यांचं सेंटर हलतं, आणि नर्व्हभोवतीचा स्कॅनचा गोल जरा सरकला की एका बाजूचा थर जाड आणि दुसरीकडचा पातळ येतो, रिपोर्ट मात्र तितक्याच सुबक रंगात छापून मिळतो. म्हणून मी दोन थेंब घालते, डोळे मिटून बसवते, परत काढते. पुढच्या वेळी त्याच मशीनवर, फॉलोअप मोडमध्येच (यात मशीन मागच्या स्कॅनचीच जागा धरतं) काढायचा, कारण एका कंपनीच्या मशीनचे आकडे दुसरीच्या आकड्यांशी जुळवता येत नाहीत. एवढं सांभाळलं तर ओसीटी चांगलं काम देतं. नाही सांभाळलं तर तिसरा_प्रहर म्हणतात तसंच होतं.

सावली:
@तिसरा_प्रहर एका वर्षाचं सोडा, पहिल्या आकड्यालाच किंमत आहे. २०१६ साली लॅन्सेट न्यूरॉलॉजीत बऱ्याच सेंटर्सनी मिळून केलेला अभ्यास आला होता, त्यात ज्यांचा आरएनएफएल (नर्व्हच्या तंतूंचा थर) ८७-८८ मायक्रॉन किंवा त्याखाली होता त्यांचं अपंगत्व पुढच्या दोन-तीन वर्षांत वाढायचा धोका दुप्पट निघाला. सुरुवातीलाच हे कळलं तर औषध सौम्य घ्यायचं की जोरदार हा विचार वेगळा होईल ना?

तिसरा_प्रहर:
त्या अभ्यासात एका डोळ्याला न्यूरायटिस झालेला असेल तर फक्त दुसरा, न झालेला डोळाच धरला होता, हे पण सांगा. झालेल्या डोळ्यात २० मायक्रॉनच्या आसपास घट एका अटॅकमध्येच होते, तो आकडा त्या अटॅकबद्दल सांगतो, पुढे काय होईल ते नाही. आणि अटॅक ताजा असताना काढला तर आरएनएफएल उलट सुजून जाड येतो, लोकांना वाटतं सगळं छान आहे.

पाऊलवाट:
मी पेशंट आहे, माझा नंबर मायनस नऊ. दोन्ही डोळ्यांचा रिपोर्ट लालेलाल (लाल म्हणजे थर नॉर्मलपेक्षा पातळ) आला आणि मला कुणी सांगितलं नाही की मशीनमधल्या नॉर्मल लोकांच्या डेटात इतक्या नंबरचे डोळे घेतलेलेच नसतात, लांब डोळ्यात थर पातळ येतोच. मी कित्येक आठवडे हेच धरून बसले की एमएस झपाट्याने वाढतोय. काचबिंदूवाल्यांचंही असंच होत असणार. स्कॅन करा, पण वाचणारा माणूस आधी शोधा.

स्कॅनवाली:
@पाऊलवाट तुमच्यासारख्यांसाठी रंग बघायचेच नाहीत, दोन डोळ्यांतला फरक बघायचा. आरएनएफएलमध्ये पाच-सहा मायक्रॉन किंवा गँग्लियन थरात चार मायक्रॉनचा फरक असेल तर एका बाजूची ऑप्टिक नर्व्ह कधीतरी दुखावलीय असा संशय घेतात, पेशंटला आठवत नसलं तरी. आणि ताज्या अटॅकमध्ये सूज असते म्हणूनच आता सगळे गँग्लियन थराकडे बघतात, तो सुजत नाही, काही आठवड्यांतच खरं नुकसान दाखवायला लागतो.

सावली:
हेच तर म्हणतेय मी, आठवत नसलेला जुना अटॅकसुद्धा सापडतो. आणि अटॅकच्या वेळचा स्कॅन हुकला तर तो क्षण परत येत नाही, नंतर कितीही महागडं मशीन आणलं तरी.

तिसरा_प्रहर:
पहिला स्कॅन काढून ठेवा, त्याला माझी ना नाही. माझा विरोध फक्त ओसीटीच्या आकड्यावरून औषध बदलायला आहे. अटॅक आलेला नसताना, त्याच मशीनवर, लागोपाठ दोन स्कॅनमध्ये गँग्लियन थर मशीनच्या संभाव्य चुकीपेक्षा जास्त उतरला तर एमआरआय लवकर करा, नवा डाग आहे का बघा, पेशंटला चालवून बघा, हाताचं काम बघा. काहीच सापडलं नाही तर मी तेच औषध चालू ठेवीन आणि सहा महिन्यांनी परत बघीन.

सावली:
एमआरआयमध्ये नवा डाग नाही आणि तंतू मात्र जातायत असं एमएसमध्ये होतं की. त्या सहा महिन्यांत गेलेले तंतू परत येत नाहीत, म्हणून मला तरी हे थांबणं मान्य नाही.