एचआयव्हीच्या आवरणाला कॉम्प्लिमेंट (रक्तातली जंतूंवर हल्ला करणारी प्रथिनं) भोक का पाडत नाही?

प्रश्न: आवरण लिपिडचं, रक्तात अँटिबॉडीही असतात. मग सी५बी-९ (कॉम्प्लिमेंटचा भोक पाडणारा संच) बसून विषाणू फुटत का नाही?

उत्तर १: आवरण आपल्याच पेशीचं आहे ना! बाहेर पडताना विषाणू सीडी५५ आणि सीडी५९ ही पेशीची संरक्षक प्रथिनं सोबत नेतो. सीडी५५ सी३ कन्व्हर्टेज (कॉम्प्लिमेंटची क्रिया पुढे नेणारं एन्झाइम) मोडतं, सीडी५९ भोक बनवणाऱ्या सी९ची साखळी जुळू देत नाही. चोरीचं ओळखपत्रच.

उत्तर २: शिवाय जीपी४१ (विषाणूच्या आवरणावरचं प्रथिन) फॅक्टर एच (कॉम्प्लिमेंटला आवर घालणारं रक्तातलं प्रथिन) ओढून घेतं, त्याच्या मदतीने फॅक्टर आय हा एन्झाइम सी३बी (विषाणूवर चिकटलेलं कॉम्प्लिमेंटचं प्रथिन) कापतो. पण उरलेलं सी३डी (त्याचाच तुकडा) चिकटून राहतं. लसिकाग्रंथींतल्या फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशी सीआर२ या रिसेप्टरने तेच धरतात आणि विषाणू तिथे साठतो. खरी डोकेदुखी ही.

उत्तर ३: हे प्रयोगात तपासायचं तर सीरम ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं नको, कॉम्प्लिमेंट निकामी होतं. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) घातलेला प्लाझ्माही नको. त्याने कॉम्प्लिमेंटला लागणारं कॅल्शियम-मॅग्नेशियम बांधलं जातं.