दया-अभिजित पुन्हा बघताना

कोपरीकर:
महिनाभर रोज जेवणं उरकली की मी आणि माझा नववीतला मुलगा जुनं 'सीआयडी' लावतो. १९९८ला मालिका सुरू झाली तेव्हा आमच्या चाळीत एकाच घरी रंगीत टीव्ही होता. सगळे तिथेच दाटीवाटीने बसायचो. एसीपी प्रद्युमन झालेले शिवाजी साटम 'एक शून्य शून्य' मालिकेपासून ओळखीचे, म्हणजे घरचंच माणूस.

आता बघताना वाटतं, खून हे निमित्त. खरी मालिका दया आणि अभिजित या दोन इन्स्पेक्टरांची. एक जण प्रश्न विचारत असतो तेव्हा दुसऱ्याची नजर खोलीभर फिरते. सांगावं लागत नाही. २००४चा 'द इन्हेरिटन्स' हा भाग तर बघाच. १११ मिनिटं, मध्ये एकही कट नाही. एकाचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्याला जागेवर पोचावंच लागतं. अशी जोडी २०२४मध्ये परत आणली ती एकमेकांची वैरी करून. मला फार लागलं ते.

ऐरोलीची वकील:
दादा, मैत्री मान्य. पण मुलाला एवढंच दाखवू नका. मी ठाणे कोर्टात फौजदारी कामं बघते. मालिकेत दयाची कानाखाली बसली की संशयित घडाघडा बोलतो आणि केस संपते. प्रत्यक्षात पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम २५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३. सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालाने अटकेचे नियम घालून दिले ते डिसेंबर १९९६मध्ये, मालिकेच्या वर्षभर आधी. तरी शिकलेली माणसं मला विचारतात, "दोन लगावल्या तर काय बिघडलं? खरं तर बोलला ना?" ज्याच्या मुलाला लागलेली असते तो हे विचारत नाही.

कोपरीकर:
ताई, पटलं. पण "पोलिसांनी दोन द्यायलाच हव्यात" हे माझे आजोबाही म्हणायचे, आणि त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. सगळा दोष मालिकेवर कसा टाकता?

ऐरोलीची वकील:
सगळा नाही टाकत. पण आजोबांचं ऐकणारं एक घर होतं. ही मालिका २०१८पर्यंत, वीस वर्षं, घराघरात होती. आणि मारणारा आपल्याला आवडतो, म्हणून तर ते जास्त मुरतं.

नौपाड्याची मावशी:
दोघांनाही माझा विरोध. खरी जोडी प्रद्युमन आणि फॉरेन्सिकवाले डॉक्टर साळुंखे! प्रद्युमनना उत्तर लगेच हवं, साळुंखे म्हणणार आधी तपासू दे. त्या भांडणात पुरावा जिंकायचा. माझी भाची बारावीनंतर फॉरेन्सिककडे वळली ती साळुंखेंना बघून. वकीलबाई, हेही मोजा ना. बाकी, फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस २०२३च्या डिसेंबरमध्ये गेले, तेव्हापासून फ्रेडरिक्स आला की मी टीव्हीपुढून उठते. बघवत नाही.

ऐरोलीची वकील:
मावशी, साळुंखे मोजले. थप्पड मात्र वजा करणार नाही.

कोपरीकर:
काल थप्पड आली तिथे थांबवलं आणि कलम २३ मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मग अभिजितने दयाला अडवायला हवं होतं. मित्र आहे ना?"