'पोर्टर'ला मराठीत काय म्हणायचं? सगळीकडे हमाल बसत नाही

शाहूपुरी_वाचक: इंग्रजी कथांचा अनुवाद चाललाय. एका कथेत पोर्टर कॉलेजच्या फाटकाशी बसून किल्ल्या देतो, दुसरीत अमेरिकेतल्या रेल्वेत अंथरूण घालतो, तिसरीत लोक चक्क पोर्टर पितात. काय लिहावं?

रंकाळा_काठ: मुळात हे दोन शब्द. लॅटिन 'पोर्ता' म्हणजे दार आणि 'पोर्तारे' म्हणजे वाहणे. फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन दोन्ही एकसारखे झाले. म्हणून आधी आजूबाजूचे शब्द बघा. किल्ली, घंटा, लॉज असेल तर दरवान. ब्रिटिश कॉलेजातलं 'पोर्टर्स लॉज' म्हणजे आपली देवडीच, फाटकाला लागून असलेली खोली. फसगत होते ती 'नाइट पोर्टर'ला. तो हॉटेलात रात्रभर दार आणि काउंटर सांभाळतो. 'रात्रीचा हमाल' लिहिलं तर प्रसंगच बिघडतो.

मार्केटयार्ड_गूळ: ओझं वाहणाऱ्यालाही सरसकट एकच शब्द नको भावा. 'हमाल' अरबीतून आला, 'हमल' म्हणजे ओझं. यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलतो तो हमाल. हमाली म्हणजे ते काम आणि त्याची मजुरीही. पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, तोलाई वेगळी लागते, कारण वजन करणारा वेगळा. 'माथाडी' म्हटलं की आपल्याकडचा 1969 चा कायदा आणि माथाडी मंडळ आठवतं, त्यामुळे लंडनच्या हमालाला तो शब्द लावू नका. स्टेशनवरच्या कुलीला 2016 च्या रेल्वे अर्थसंकल्पात 'सहायक' नाव दिलं, पण बोलण्यात हमालच आहे. त्याच्या दंडावरचा बिल्ला परवान्याचा. रेल्वेचा पगार त्याला नसतो.

तुमचा अंथरूणवाला मात्र हमाल नव्हे. अमेरिकेतल्या पुलमन डब्यांतले, म्हणजे पुलमन कंपनीच्या झोपायच्या रेल्वे डब्यांतले, पोर्टर बिछाने घालायचे, बूट पॉलिश करायचे. बहुतेक सगळे कृष्णवर्णीय, 1925 साली त्यांनी स्वतःची युनियन काढली. 'डब्यातला अटेंडंट' लिहा. इस्पितळातला पोर्टर असेल तर सरळ वॉर्डबॉय.

रंकाळा_काठ: पिण्याचं राहिलं. अठराव्या शतकात लंडनचे हमाल तपकिरी माल्टची गडद बिअर प्यायचे, तिलाच पोर्टर नाव पडलं. त्यातली कडक ती 'स्टाउट पोर्टर', पुढे नुसती स्टाउट. भाषांतर करू नका. पहिल्यांदा 'काळपट पोर्टर बिअर', मग नुसतं पोर्टर.

शाहूपुरी_वाचक: दरवान, अटेंडंट, पोर्टर बिअर घेतो. लॉजला देवडीच ठेवतो, मात्र पहिल्या उल्लेखात 'फाटकाजवळची' जोडतो.